उसण, पायाळू माणूस आणि फिजिओथेरपिस्टचे हात

नमस्कार मंडळी. कंबरेत उसण भरली की आपल्याकडं आधी पायाळू माणूस शोधतात, त्यानं पाठीला पाय लावला की म्हणे उसण पळते. हसू नका, काहींना खरंच बरं वाटतं. फिजिओथेरपिस्टच्या टेबलावरून उठतानाही वाटतंच की. पण "सांधा सरकला होता, बसवला" हे मला काही पटत नाही. माकडहाडाजवळच्या सांध्यावर 1998 साली एक अभ्यास झाला, सांधा 'बसवल्यावर' हातानं तपासलं तर तो जागेवर आलाय असं वाटत होतं, आणि एक्स-रेनं अगदी बारीक मोजमाप केलं तर तो तसूभरही हललेला नव्हता! आणि सांधा बसवताना येणारा तो 'कट्ट' आवाज? तो सांध्यातल्या पाण्यात होणाऱ्या गॅसच्या पोकळीचा, हाड बसल्याचा नाही.

मग दुखणं कमी कसं होतं? कोपर आपटलं की आपण आपसूक चोळतो ना, तिथंच उत्तर आहे. ठणक्याची खबर नेणाऱ्या बारीक नसा फार संथ, सेकंदाला जेमतेम 1 मीटर, आणि स्पर्शाच्या जाड नसा 50 मीटरच्या आसपास. दोन्ही मणक्यातल्या मज्जारज्जूत येतात, आणि स्पर्शाची गर्दी झाली की ठणक्याची खबर तिथंच दाबली जाते. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 साली मांडलेली ही 'गेट' थिअरी, पुढं तिच्यात बरीच दुरुस्ती झाली पण मूळ मुद्दा टिकलाय.

वरून मेंदूही हात घालतो बरं का. मेंदूच्या देठातून खाली निरोप जातात, एन्केफॅलिनसारखी मॉर्फिनच्या जातीची द्रव्यं शरीर स्वतःच सोडतं (ही 1975 मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीनमध्ये सापडली). समोरच्यावर भरवसा असेल तर हे जास्त होतं, म्हणून तो पायाळूही चालतो.

थोडक्यात, काम हाड बसवण्याचं नाही, स्पर्शाचं आणि भरवशाचं. म्हणूनच दुखरा सांधा हलवताना चांगला थेरपिस्ट जोर लावत नाही, हलके हलके झोके देतो. "जोरात दाबा हो" म्हणून मागं लागू नका.

फक्त हा आराम बहुतेकदा काही तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा. तेवढ्यात चालून घ्यायचं, सांगितलेले व्यायाम करायचे, ब्रिटनच्या 2016 च्या गाइडलाइननंही कंबरदुखीत हातानं केलेले उपचार व्यायामासोबतच घ्या म्हटलंय, नुसते नाही. आणि कंबर दुखताना लघवी अडली किंवा ताबा सुटला, मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर ना पायाळू ना मसाज, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.