पायऱ्या उतरून आईकडे

(दृश्य: जोगेश्वरी पूर्व. रिक्षा, दाटीवाटीची घरं. कॅमेरा पायऱ्यांवरून खाली उतरतो.)

मुंबईतल्या या जोगेश्वरीच्या देवळात पायऱ्या उतरून जावं लागतं. डोक्यावर वस्ती आणि खाली, एका अखंड खडकाच्या पोटात, सहाव्या शतकातलं शैव लेणं. घारापुरीच्याही थोडं आधीचं, असं अनेक अभ्यासक मानतात. घारापुरीसाठी आपण लाँचचं तिकीट काढतो. इथे स्टेशनवरून रिक्षाने येता येतं. त्या स्टेशनाला नावही इथल्या देवीचंच.

पूर्वेच्या दाराशी जरा थांबू या. दारावर लकुलीश आहेत, पाशुपत या शैव पंथाचे आचार्य, शिवाचाच अवतार मानलेले. एका बाजूला रावण कैलास हलवतोय. दुसरीकडे शिवपार्वतीचा सारीपाट रंगलाय. पण कुणी दाखवल्याशिवाय हे ओळखू येत नाही. खडक ज्वालामुखीच्या राखेचा, ठिसूळ. पाणी मुरतं, भिंती ओघळतात. चेहरे झिजले, बोटं गेली; शिवाची ऐसपैस बैठक तेवढी अजून कळते. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, तरी वरून झिरपणारं पाणी अडवल्याशिवाय ही बैठकही टिकायची नाही. हे बघताना जीव तुटतो.

(दृश्य: सभामंडप. अंधार, मध्ये उजेडाचा ठिपका.)

आत वीस खांबांचा चौक. मधोमध गाभारा, त्याला चारही दिशांना दारं. अशा रचनेला सर्वतोभद्र म्हणतात. घारापुरीच्या शिवलिंगाचा गाभाराही असाच आहे. तिथे आज पर्यटकांची पावलं वाजतात, इथे घंटा वाजते.

लेणं खोदलं शिवासाठी. आज गाभाऱ्यात जोगेश्वरी आई आहे. जोगेश्वरी म्हणजे योगेश्वरी. तिच्या पादुकांवर हळदकुंकू वाहतात. काही मराठी घराण्यांची ती कुलदेवता, त्यामुळे लग्नानंतर जोडपी पाया पडायला येतात. नवरात्रात बायका खणानारळाने ओटी भरतात. दत्त, मारुती, गणपतीही याच लेण्यात नांदतात.

उन्हातून आलेल्याला आत आधी काहीच दिसत नाही. मग समईची ज्योत दिसते. मग कुंकू, हिरवा खण, आईचा मुखडा. आणि डोळे अंधाराला सरावले की तिच्यामागे, एकेक करून, खांब उभे राहतात.