जन्मतारीख : १ जून

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. पऱ्हाटीत वेचणी सुरू आहे. कमरेला ओटी बांधलेली माय दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करत जाते आणि बोलत राहते. मुलगा कॉलेजात होता. तिथंच त्याला कानात आवाज यायला लागले, घरच्यांवर संशय यायला लागला. गाव म्हणालं, बाहेरचं आहे. उतारे झाले, गंडेदोरे झाले. एका जाणत्यानं सांगून टाकलं, अमावास्येला लागून जन्मलेलं पोर, असंच होणार!

दवाखान्याच्या कार्डावर त्याची जन्मतारीख १ जून आहे. गावात अशा १ जूनच्या तारखा घरोघरी सापडतात, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेल्या. खरा दिवस मायला पाठ आहे : "तान्ह्या पोळ्याच्या दिशी झाला माहा पोट्टा." म्हणजे पोळ्याच्या अमावास्येचा दुसरा दिवस.

त्याच्या या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. जन्माच्या ऋतूचा आणि या आजाराचा संबंध शास्त्रानंही तपासला आहे. स्वित्झर्लंडमध्ये मोरित्झ ट्रामर यांनी १९२९ साली तो मांडला. पुढं उत्तर गोलार्धात अनेक ठिकाणी दिसलं, की या रुग्णांमध्ये हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचं प्रमाण ५ ते ८ टक्क्यांनी जास्त असतं. आई गरोदर असतानाची फ्लूची साथ, उन्हाची आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता, या शक्यतांवर बरंच काम झालं. विषुववृत्ताकडं यावं तसा हा फरक पुसट होतो. सिंगापूरमध्ये तो आढळलाच नाही. आणि आपल्या विदर्भात तर पौषातही ऊन चटकतं.

१९९९ साली डेन्मार्कमधला, साडेसतरा लाख लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथं सर्वांत जास्त धोका फेब्रुवारी-मार्चच्या जन्मांना होता, तोही जेमतेम ११ टक्क्यांनी. आईला हा आजार असेल तर मात्र धोका नऊ पटींच्या घरात. आणि सर्वांत कमी धोक्याचे महिने कुठले? ऑगस्ट आणि सप्टेंबर. म्हणजे आपल्या तान्ह्या पोळ्याचेच दिवस. जाणत्यानं ज्या जन्मावर खापर फोडलं, तो तिकडच्या हिशेबानं सर्वांत सुरक्षित ऋतूतला.

हजारात साधारण सात जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. ऋतूनं त्यात भर पडलीच, तर सातचे साडेसात. एवढ्याशा फरकावरून कुणाच्या पोराचं भविष्य सांगता येत नाही.

माय ओटी सैल करते. विचारते, "पोटात होता तवा माहं काई चुकलं का?"

नाही, माय. निंदणाला गेलीस म्हणून नाही, गिरान (ग्रहण) पाळलं नाहीस म्हणून नाही.

चुकतो तो वेळ. लक्षणं दिसल्यापासून औषध सुरू होईपर्यंत जितका उशीर, तितकं पुढचं सावरणं कठीण. तिचा मुलगा आता जिल्हा रुग्णालयातली गोळी रोज घेतो, आवाज कमी झालेत, संध्याकाळी बैल पाण्यावर नेतो. गोळी मध्येच बंद केली तर आजार उलटू शकतो, हे मायला आता डॉक्टरांइतकंच पक्कं ठाऊक आहे.

टेलि-मानस, मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन : १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.