ठरवताना कोण कोण बसलं होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

'माझ्या मनात तसं नव्हतं, पण घरच्यांपुढे काही चाललं नाही.' चाळिशी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडून हे वाक्य आपण कितीदा तरी ऐकतो. काहींच्या बाबतीत ते अक्षरशः खरं असतं. जिचं लग्न तिला न विचारता ठरलं, तिला 'आपल्या निर्णयाची जबाबदारी घे' असं सुनावणं हा अन्याय आहे. मी आज बोलणार आहे ते ज्यांना निवडायला वाव होता त्यांच्याविषयी. आणि त्यासाठी मला रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात.

महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १८८२चा. गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या विल्सन कॉलेजात चांगली नोकरी होती. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. हा विषय चारचौघांत काढणंसुद्धा तेव्हा असभ्य मानलं जाई. मिशनऱ्यांच्या त्या कॉलेजला त्यांचा हा प्रचार रुचणं शक्य नव्हतं. प्रचार थांबवा, नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आली, आणि कर्व्यांनी नोकरी सोडली.

१९२७च्या जुलैपासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, तेही पदरमोड करून. वाचक त्यात आपल्या खाजगी अडचणी विचारत. ज्या गोष्टी नवरा बायकोशी आणि मुलगा बापाशी बोलू शकत नव्हता, त्या पत्रातून या माणसाला विचारल्या जात, आणि कर्वे आडपडदा न ठेवता छापील उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. निकाल विरोधात गेला, दंड झाला. त्याआधीही एका खटल्यात दंड भरून झालेला होता. तरी मासिक बंद पडलं नाही. १९५३ साली कर्वे गेले, तोवर ते निघत राहिलं.

मला विशेष वाटतं ते पुढचंच. जे ते लोकांना सांगत होते, ते त्यांनी आधी स्वतःच्या घरात आणलं. मूल होऊ द्यायचं नाही असं त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी ठरवलं आणि ते पाळलं. लोक काय म्हणाले असतील, ते तुम्हाला सांगायला नको.

या मालतीबाईंविषयी आपण फार कमी बोलतो. पगार थांबला आणि मासिकाचा तोटा वाढत गेला, तेव्हा घर त्यांच्या कष्टांवरही उभं होतं. निर्णयाची झळ फक्त घेणाऱ्याला लागत नाही, शेजारी बसलेल्यालाही लागते. म्हणून 'माझं आयुष्य, मी बघून घेईन' हे वाक्य कितीही बाणेदार वाटलं, तरी मला ते अर्धवट वाटतं. मालतीबाईंना नुसतं निभावून न्यायचं नव्हतं, त्या या कामात मनापासून सामील होत्या. म्हणूनच रघुनाथरावांच्या निर्णयाचं वजन मला पटतं.

आता आपल्या घरात या. दहावीचा निकाल लागतो, अकरावीचा फॉर्म भरायची वेळ येते. मुलगी म्हणते, 'तुम्ही म्हणाल ते.' वडील खूश होतात, मुलगी समजूतदार निघाली म्हणून. मला मात्र तिथे काळजी वाटते. पुढे गणित जड गेलं की बोट वडिलांकडे जाणार, आणि वडील म्हणणार, 'तुझ्यासाठीच तर केलं.' दोघंही खोटं बोलत नसतील, पण तो निर्णय कुणाचाच नसेल.

तेव्हा आई-बाबांनो, फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ टीव्ही बंद ठेवून सगळ्यांनी एकत्र बसा. क्लासची फी किती, ती कुठून येणार, कर्ज काढावं लागणार का, ते मुलीला आकड्यांसकट सांगा. हे तिच्यापासून लपवून तिला वाचवता येत नाही. मग तिला विचारा: तुला काय हवं, आणि का? ती चाचरेल, गप्प बसेल. बसू द्या. तिच्या वतीने उत्तर देऊ नका. आणि तिच्या आजीलाही त्या बैठकीत बोलवा, कारण मुलगी क्लासहून रात्री उशिरा आली की तिचं ताट वाढायला तीच जागी असणार आहे.

नमस्कार.