सल्ला गिळायला शिकवताना

नमस्कार श्रोतेहो. मी समुपदेशक. तंबाखू-दारू सोडू पाहणाऱ्यांशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता असं बोलणाऱ्यांना शिकवते. आशाताई येतात, नर्स येतात, स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले काहीजणही येतात.

एका तालुक्याच्या गावची गोष्ट. दोघींची जोडी लावली. एक आशाताई, दुसरी मिसरी लावणारी मावशी. नाटकच सगळं. मावशी म्हणाली, "सकाळी मिसरी लावल्याबिगर पोट साफ होत नाही बघ." ताईंनी तिला दम घेऊ दिला नाही. "अहो मावशी, कॅन्सर होतो त्यानं, सोडा आधी!" मावशीनं पदर सारखा केला आणि तोंड फिरवलं. नंतर म्हणाली, "मॅडम, मी जन्मात मिसरीला हात लावला नाही. पण ह्या अंगावर आल्या, तशी मी मिसरीचीच बाजू घ्यायला लागले की!"

माणूस जी बाजू स्वतःच्या तोंडानं मांडतो, तीच त्याला पटत जाते. म्हणून सोडायची कारणं त्याच्याच तोंडून यावी लागतात.

विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना हे उमगलं, तेही शिकवतानाच. 1982 साली ते नॉर्वेत, बर्गनजवळच्या एका व्यसनोपचार केंद्रात गेले होते. तिथली तरुण मंडळी रुग्ण बनून समोर बसायची आणि मध्येच अडवायची: हाच प्रश्न का विचारला? ते बोलणं का सोडून दिलंत? उत्तरं देता देता आपण नेमकं काय करतो, ते मिलरना कळत गेलं. 1983 साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. ही पद्धत म्हणजे मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. मराठीत 'प्रेरणादायी मुलाखत' म्हणावं, तर डोळ्यांसमोर एखादा उद्योगपती येतो!

मीही या पद्धतीची दोन दिवसांची शिबिरं घ्यायची. चहा, फोटो, प्रमाणपत्र, टाळ्या. मग मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्याचा 2001 सालचा अभ्यास वाचला आणि घाम फुटला. शिबिरानंतर समुपदेशकांना वाटत होतं, आपल्याला छान जमतंय. त्यांच्या संभाषणांच्या ध्वनिफितींत मात्र फरक जेमतेम, आणि समोरच्या माणसांच्या बोलण्यात तर काहीच नाही. पुढे 2004 च्या अभ्यासात दिसलं, की संभाषण ऐकून कुणी चुका दाखवल्या, फोनवरून मागे लागलं, तर शिकलेलं टिकतं.

तेव्हापासून मी प्रत्येकीकडून एक रेकॉर्डिंग मागते, अर्थात मावशींची परवानगी घेऊनच. निम्म्याजणी टाळतात. स्वतःचा आवाज ऐकायची लाज वाटते; मलाही वाटायची.

त्याच आशाताईंचं रेकॉर्डिंग मध्यंतरी आलं. या वेळी मावशी खरी. ताई विचारतात, "मिसरीनं बरं वाटतं म्हणता. आणि त्रास काय होतो?" पुढे नुसती शांतता. मागे कुकरची शिट्टी होते. दुसरी होते. ताई गप्पच. मग मावशीचा आवाज येतो, "नातू जवळ येत नाही गं. वास येतो म्हणतो." पुन्हा शिट्टी. "सकाळची काय सुटायची नाही. दुपारची बघते."