कतारगाम दरवाज्याजवळचे घुमट

सुरतेला उतरलात आणि रिक्षावाल्याला नुसतं ‘डच’ म्हणालात, तर तो तुम्हाला नानपुऱ्यातल्या डच गार्डनवर नेऊन सोडेल. ती तापीकाठची बाग. आपल्याला जायचंय कतारगाम दरवाज्याला, जुन्या शहराच्या उत्तरेला. आधी इंग्रजांचं कब्रस्तान बघायचं, मग गुलाम फळियातलं डचांचं, आणि शेवटी त्याच्याजवळचं आर्मेनियन लोकांचं. हा क्रम मोडू नका.

कतारगाम दरवाजा हे नाव कोटाच्या वेशीचं. शिवाजी महाराजांनी 1664च्या जानेवारीत सुरत लुटली तेव्हा शहराभोवती मातीची भिंत होती. विटांचा पक्का कोट त्यानंतर औरंगजेबाच्या हुकमाने उभा राहिला. त्या लुटीत इंग्रजांची वखार ज्याने लढवून राखली, तो जॉर्ज ऑक्झिंडन इथल्या इंग्रज कब्रस्तानातच पुरलेला आहे. 1669मध्ये तो सुरतेतच वारला.

त्याची कबर म्हणजे एक दुमजली इमारतच आहे, सुमारे 40 फूट उंच. 1659मध्ये गेलेला त्याचा भाऊ ख्रिस्तोफर आधी इथे पुरला गेला. जॉर्जचा मोठा घुमट त्याच्यावर चढवला. ख्रिस्तोफरचा लॅटिन लेख कुणाकडून तरी समजून घ्याच. तो चक्क वहीखात्याच्या भाषेत लिहिलाय. याला आपल्या खात्यात वर्षं मांडता आली नाहीत, नुसते दिवस मांडले, कारण मृत्यूने अचानक हिशेब मागितला. मालकांनी नोकर गमावला, आम्ही सोबती, त्याने जीव; पण समोरच्या पानावर त्याने मृत्यू जमेला धरावा. व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यासाठी लिहिलेला इतका खरा मृत्युलेख क्वचितच सापडतो.

तारखा वाचताना जपा. इंग्रज तेव्हा जुनं पंचांग पाळत, डच नवं. दोहोंत 10 दिवसांचा फरक. शिवाय इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदले, म्हणून त्यांच्या कागदांत सुरतेची लूट 1663च्या खाली दिसली तर ती चूक समजू नका.

आता भिंतीजवळ जा, अगदी हातभर अंतरावर. सगळं काम विटांचं आणि वर चुन्याचा गिलावा. चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो. कुठे सिमेंटचं ठिगळ लागलेलं दिसलं, तर त्याच्या कडेला बघा: अडकलेली ओल बाजूने वाट काढते, विटांतले क्षार पृष्ठभागाशी येऊन फुगतात आणि जुना गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. दुसरा शत्रू पिंपळ. पाखरांच्या विष्ठेतून बी भेगेत पडतं आणि मुळं वीट न् वीट सैल करतात. रोप मोठं झाल्यावर ओढून काढलं तर विटाही सोबत येतात. म्हणून ते बोटाएवढं असतानाच काढावं लागतं. तुम्ही मात्र हात लावू नका, फोटो काढून पहारेकऱ्याला दाखवा. ही संरक्षित स्मारकं आहेत. अक्षरं पुसट असली तरी त्यांवर खडू घासू नका; सकाळी नऊच्या आत तिरपं ऊन पडतं, त्यात ती पुष्कळदा आपोआप उठून दिसतात.

मग डचांकडे. डच कंपनीचा बडा अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेड 1691मध्ये मुंबईजवळ समुद्रात जहाजावर वारला आणि सुरतेत आणून पुरला गेला. त्याचा अष्टकोनी, सज्जांचा घुमट ऑक्झिंडनवर मात करण्यासाठी बांधला असं जुने लेखक सांगतात. दोन्ही लागोपाठ बघितले की ते पटतं, क्रमाचा आग्रह त्यासाठीच. आत एके काळी भित्तिचित्रं होती, खिडक्यांना कोरीव लाकूड होतं.

पण आपल्यासाठी या माणसाचं महत्त्व वेगळंच आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टुस मालाबारिकुस’ हा 12 खंडांचा ग्रंथ याने करवून घेतला. त्याला माहिती देणाऱ्यांत वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट हे तीन कोंकणी ब्राह्मणही. 1678मध्ये ॲम्स्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात त्यांचं कोंकणीतलं निवेदन नागरी अक्षरांत आहे. मराठी माणसाने या घुमटाखाली जरा जास्त वेळ थांबावं, ते यासाठी.

आर्मेनियन भागात घुमटांचा थाट नाही. आडवे सपाट दगड, त्यांवर आर्मेनियन लिपी. पावसाळ्यात गवत वाढतं, दगड झाकतात आणि पाय नेमका लेखावर पडतो. दिवाळीनंतर जा, आणि दोन तास हाताशी ठेवा.