मधोमध नको, जरा बाजूला

(दृश्य: कलाभवनाचा घुमट, पुढे रस्त्यावरची रहदारी)

बडोद्याचं कलाभवन. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली हे सुरू केलं आणि रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती सोपवलं. चित्रकला, सुतारकाम, कापडाची रंगाई, आणि शिकवायचं देशी भाषेतून. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. रंधा धरायला शिकणं हेही शिक्षणच, असं या शहरानं तेव्हाच ठरवलं होतं.

(दृश्य: वर्गखोली, सतरंजीवर मुलं, पुठ्ठ्यांचा ढीग)

ही दांडिया बाजारातल्या एका शाळेची खोली. पाचवी ते सातवीची मुलं. उत्तरायण जवळ आलंय, म्हणून आज करायचेत पतंग उडवणारे आजोबा. खोक्याखालचा दांडा फिरवला की आजोबांचा हात वर-खाली झाला पाहिजे.

कात्र्या अजून कपाटात आहेत. आधी कागदावर चित्र, आणि कुठला भाग हलणार, कुठला स्थिर राहणार, तेही त्यावर लिहायचं. तोवर ताई कुलूप उघडत नाहीत.

(दृश्य: मुलाचे हात, पुठ्ठ्याची चकती, बांबूची काडी)

यानं तीन सेंटिमीटर त्रिज्येची चकती कापली, बरोबर मधोमध भोक पाडलं, दांडा म्हणून काडी ओवली. चकतीवर दुसरी काडी उभी टेकवली, तिचं वरचं टोक आजोबांच्या हाताखाली. दांडा फिरवला.

«ताई, चाक फिरतंय, पण हात हलतच नाही!»

«भोकापासून कडेपर्यंत मोज बरं. चारही बाजूंनी.»

तीन. तीन. तीन. तीन.

त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

आता दुसरी चकती. भोक मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूला. एकीकडे चार, दुसरीकडे दोन. दांडा फिरतो आणि हात दोन सेंटिमीटर उचलला जातो. भोक जितकं सरकवावं त्याच्या दुप्पट उचल मिळते. हे शेजारच्या मुलीनं पट्टी लावून शोधलं आणि वहीत चौकट करून लिहिलं. यंत्रात अशा चकतीला कॅम म्हणतात. तो शब्द ताईंनी यानंतर सांगितला, आणि हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो.

(दृश्य: गोगलगायीच्या आकाराची चकती, जवळून)

पण पतंगाला नुसतं वर-खाली करून भागत नाही, खेच द्यावी लागते. म्हणून हा तिसरा आकार. कड हळूहळू मध्यापासून लांब जाते आणि एका जागी सरळ आत तुटते. हात सावकाश चढतो, झपकन पडतो. दांडा उलटा फिरवला तर काडी त्या तुटलेल्या कडेत अडकते. मग मुलांनी खोक्यावर बाण काढला, कुठल्या बाजूनं फिरवायचं त्याचा. वापरणाऱ्याचा विचार करून केलेली रचना ती हीच.

मोठ्या गटानं दांड्याला खेळण्यातली मोटर जोडली. ती फार वेगानं फिरते; म्हणून लहान कप्पीवरून मोठ्या कप्पीला रबरबँड.

गणितात त्रिज्येचा धडा आला तेव्हा या मुलांना तो सोपा गेला, असं त्यांच्या शिक्षिका सांगतात.

(दृश्य: खिडकीतून वर्ग, मुलं कामात)

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळांमधल्या सरकारी योजनेच्या प्रयोगशाळा, २०१६ पासून आल्या, पण त्या सहावीपासून पुढच्यांसाठी. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना १० दिवस सुचवले, सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन शिकण्यासाठी. दोन्ही हवंच आहे. पण कात्री तर मूल बालवाडीतच धरतं. मग सहावीपर्यंत का थांबायचं? आणि तीन वर्षांत दहाच दिवस?

या खोलीत लागतं ते पुठ्ठा, काड्या, डिंक, पट्टी. आणि सलग दोन तास, कारण पहिला तास कापण्यातच जातो. हात का हलत नाही हे दुसऱ्या तासात कळतं. हे दोन तास बडोद्याच्या प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकात, दर आठवड्याला, तिसरीपासून यायला हवेत.