आधी पाय बघा

(नागपुरात विद्यार्थी आणि दुरुस्ती कारागिरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रांनो, दुरुस्तीला आलेला इन्व्हर्टरचा बोर्ड हातात घेतला की आपली नजर आधी आयसीकडे जाते. माझं म्हणणं आहे, आधी पाय बघा, म्हणजे घटकांच्या अंगातून निघून बोर्डाच्या होलमध्ये जाणाऱ्या धातूच्या तारा. रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड यांच्या पायातून करंट जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तोच पाय वजन पेलतो, उष्णता बाहेर काढतो आणि ताणही सोसतो. तो कसा वाकवला, यावर बोर्डाचं आयुष्य बरंचसं ठरतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. बंद डब्यातला बोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि रात्री निवतो. फायबरग्लासचा बोर्ड आडव्या अंगाने दर अंशाला दहा लाखांत साधारण 15 भाग फुगतो, जाडीच्या दिशेने त्याच्या तिप्पट-चौपट. घटकाच्या अंगाचं सिरॅमिक फुगतं जेमतेम 6-7 भाग. हा फरक कुणीतरी पोटात घालायला हवा. पायाला थोडा बाक असला तर तो लवतो. पाय ताणून बसवला असला तर सगळा भार सोल्डरवर येतो आणि काही महिन्यांनी पायाभोवती गोल तडा पडतो. त्याला आपण सरसकट ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, म्हणतो आणि वरून सोल्डर मारून मोकळे होतो. पाय तसाच ताणलेला राहतो, म्हणून तो बोर्ड पुन्हा टेबलावर येतो.

अॅक्सियल घटकाचे पाय दोन्ही टोकांना असतात, रेडियलचे एकाच बाजूला. पाव वॉटचा रेझिस्टर अंगाने सहा मिलिमीटरच्या आसपास. त्याला 10.16 मिलिमीटर अंतरावरची होल सोयीची, म्हणजे बोर्डावरच्या 2.54 मिलिमीटरच्या जाळीची चार घरं. 7.62 मध्ये कोंबला की वाक थेट अंगाला भिडतो.

वाकवायची रीत नीट बघा. नोज प्लायरने पाय अंगाच्या लगत धरायचा आणि प्लायरच्या पलीकडचा भाग बोटाने वळवायचा. अंगापासून निदान 0.8 मिलिमीटर पाय सरळ राहिला पाहिजे. 1एन4148 सारख्या काचेच्या डायोडला तर हे फार जपायचं. काचेला केसाएवढी चीर पडली तरी मीटरवर डायोड चांगलाच दिसतो, आणि पावसाळ्यात ओल आत शिरली की लीकेज, म्हणजे नको तिथून करंट झिरपणं, सुरू होतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे पाय रबरी बुचातून बाहेर येतात. होल लांब आहेत म्हणून ते फाकवले की बुचाचं सील सैल होतं. तिथे योग्य अंतराचाच कपॅसिटर शोधा, नाहीतर पाय बुचापासून खाली पकडून वळवा.

एसएमडी, म्हणजे होलशिवाय बोर्डाच्या पृष्ठावरच सोल्डर होणाऱ्या, आयसीचे बाहेर वळलेले पायही याच कारणासाठी तसे असतात, लवण्यासाठी. बिनपायाच्या मोठ्या सिरॅमिक कपॅसिटरला ही सोय नाही, म्हणून बोर्ड वाकला की तो आधी तडकतो.

आता पायांच्या क्रमाबद्दल, कारण सर्वात जास्त नुकसान इथे होतं. 7805 आणि 7905 हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर, पहिला अधिक 5 व्होल्टचा, दुसरा उणे 5 चा, दिसायला अगदी सारखे. समोरून डावीकडून 7805 मध्ये इनपुट, ग्राउंड, आउटपुट. 7905 मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. मागचा पत्राही मधल्या पायाला जोडलेला, म्हणजे 7805 मध्ये ग्राउंडला आणि 7905 मध्ये इनपुटला. दोन्ही एकाच हीटसिंकवर, मध्ये वीज अडवणारा अभ्रक न घालता कसले, की उणे सप्लाय सरळ ग्राउंडला शॉर्ट.

ट्रान्झिस्टरची गोष्ट आणखी अवघड. बीसी547 सपाट बाजू समोर धरली की कलेक्टर, बेस, एमिटर. 2एन3904 बरोबर उलटा. पीएन2222ए मध्ये एमिटर डावीकडे येतो, आणि पी2एन2222ए मध्ये कलेक्टर. एका अक्षराचा फरक! म्हणून बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, आणलेला पर्यायी ट्रान्झिस्टर लावण्याआधी मीटर डायोड रेंजवर घेऊन बेस शोधा, मग मीटरच्या एचएफईच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरचा गेन (करंट किती पट वाढवतो ते) मोजणाऱ्या, सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंनी घालून बघा. ज्या बाजूला गेन जास्त दाखवतो, तो क्रम खरा.